लाव्हावर उगवलेल्या जंगलातून धावताना : वाचकांचे प्रश्न

डोंगरवाटांवरील धावण्याविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच प्रकारच्या प्रदेशाविषयी आहेत : ज्वालामुखीने घडवलेले आणि आता झाडीने झाकलेले डोंगर. याचे मला नवल वाटले नाही. असे डोंगर पाऊस अडवतात, त्यांच्या राखेपासून तयार झालेली माती सुपीक असते, त्यामुळे तिथे जंगल दाट वाढते आणि धावणाऱ्याला त्या सावलीतल्या वाटांची ओढ लागते. मात्र सडकेवर किंवा बागेतल्या मळलेल्या वाटेवर कमावलेला अनुभव तिथे पुरत नाही, हे जवळजवळ प्रत्येक पत्रात या ना त्या शब्दांत आले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून पुढील प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मी सडकेवर दहा किलोमीटर एका तासात धावतो. अलीकडे एका जुन्या ज्वालामुखीच्या डोंगरातील बारा किलोमीटरची जंगलवाट धावलो. एकूण चढ आठशे मीटर होता. मला पावणेतीन तास लागले आणि चढाचा मोठा भाग मी चालतच गेलो. माझी तयारी कमी पडली असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. सडकेवरचा वेग डोंगरात मोजपट्टी म्हणून वापरला की मन खट्टू होण्यापलीकडे काही पदरात पडत नाही. डोंगरी शर्यतींत एक सोपा हिशेब रूढ आहे : शंभर मीटरचा चढ म्हणजे एक किलोमीटर सपाट अंतर. त्या हिशेबाने आपण बारा नव्हे, तर वीस किलोमीटरचे श्रम केले. आपल्या सडकेवरील वेगाने वीस किलोमीटरला दोन तास लागले असते. उरलेला पाऊण तास मुळे, दगड, निसरडी वळणे आणि पाऊल कुठे टाकावे हे ठरवण्यात गेला, आणि तो योग्य ठिकाणीच गेला.

हा विचार नवा नाही. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक नियम मांडला होता. त्यानुसार दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढासाठी आणखी एक तास मिळवायचा. त्यातून एक मीटर चढ आणि सुमारे आठ मीटर सपाट अंतर यांचे नाते निघते. धावणाऱ्यांचा आजचा हिशेब त्याहून थोडा उदार आहे, इतकेच.

चालण्याविषयीही मनात कमीपणा बाळगू नये. चढ खूप खडा झाला की धावण्याचा वेग चालण्याइतकाच उरतो, आणि अशा वेळी त्याच वेगाने चालायला शरीराची शक्ती कमी लागते. माझी कसोटी साधी आहे. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले की चालायला लागावे, हात गुडघ्यांच्या थोडे वर मांड्यांवर टेकवावेत आणि पावले लहान करावीत.

ज्वालामुखीच्या डोंगराबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राखेचे आणि लाव्हाचे थर एकावर एक साचून उभा राहिलेला शंकूसारखा पर्वत बाजूने पाहिला, तर त्याची रेषा पायथ्याशी जवळजवळ आडवी असते आणि माथ्याकडे जाता जाता उभी होत जाते. म्हणजे सर्वांत कठीण चढ अगदी शेवटी, पाय थकलेले असताना येतो. पायथ्याच्या सौम्य उतारावर ‘आज छान जमते आहे’ असे वाटून जो जोर लावतो, त्याची दमछाक वरच्या तिसऱ्या हिश्शात ठरलेली असते. पहिला तास हात राखून धावावे.

प्रश्न : एकाच वाटेवर कधी बुटाला घट्ट पकड मिळते आणि शंभर पावलांवर तोच बूट घसरतो. ज्वालामुखीची जमीन इतर डोंगरांपेक्षा खरोखर वेगळी असते, की हा नुसता भास आहे?

उत्तर : हा भास नाही, आणि या सदरासाठी आलेल्या प्रश्नांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्वालामुखीची जमीन ही एक जमीन नसतेच. एकाच डोंगराने वेगवेगळ्या काळी कधी वाहता लाव्हा, कधी सच्छिद्र खडे, तर कधी पिठासारखी राख बाहेर टाकलेली असते, आणि त्या प्रत्येकाचे पुढे निरनिराळे काहीतरी झालेले असते. आपली वाट हे सगळे आडवे कापत जाते. म्हणून पायाखाली काय आहे हे ओळखण्याची सवय लावून घेतली, तर अर्धे घसरणे तिथेच थांबते.

वाहून थिजलेल्या लाव्हाचे दोन मुख्य प्रकार धावणाऱ्याला भेटतात, आणि त्यांची हवाई बेटांवरील नावेच आता जगभर वापरली जातात. ‘पाहोएहोए’ म्हणजे गुळगुळीत, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारख्या सुरकुत्या पडलेला लाव्हा. तो कोरडा असताना त्यावर पाऊल चांगले ठरते, पण त्याच्या खाली पोकळ्या असतात आणि वरची काचेसारखी पातळ पापुद्री पायाखाली कुरकुरत फुटते. पाऊल टाकताना पोकळ आवाज आला, तर तिथून बाजूला व्हावे. ‘आ-आ’ हा त्याच लाव्हाचा खडबडीत अवतार आहे. तो धारदार, सुट्या ढेकळांचा थर असतो, त्यावर धावणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि पडल्यास तळहात सोलून निघतात. नवलाची गोष्ट अशी की दोन्हींचे रासायनिक घटक एकच असू शकतात. लाव्हा किती घट्ट झाला आणि किती वेगाने वाहिला यावर त्याचे रूप ठरते. उतारावरून वाहता वाहता पाहोएहोएचा आ-आ होतो, पण आ-आचा पुन्हा पाहोएहोए होत नाही.

दुसरी जमीन सच्छिद्र खड्यांची. तिला इंग्रजीतून आलेल्या ‘स्कोरिया’ या नावाने ओळखतात. वाटेत थांबून असा एक खडा तळहातावर घ्यावा. आकाराच्या मानाने तो हलका लागतो, त्याला वायूचे बुडबुडे निघून गेल्याची असंख्य भोके असतात आणि प्रत्येक भोकाची कड बोटाला टोचते. त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण झाले असेल, तर तो विटेसारखा लाल असतो, नाहीतर काळा. अशा खड्यांच्या टेकडीची बाजू साधारण तीस अंशांच्या आसपास कललेली असते, कारण सुटे खडे याहून उभ्या कोनात ठरतच नाहीत. याचा अर्थ असा की तो उतार आधीच सहनशक्तीच्या टोकावर उभा आहे. आपल्या पावलाचा भार पडला की तो ढळणारच. चढताना दोन पावले पुढे आणि एक मागे असा जो अनुभव येतो, त्याचे कारण हे आहे. तिथे जोर लावून उपयोग होत नाही. आधी गेलेल्याच्या पाऊलखुणेतच पाऊल टाकावे, कारण ती जागा दबून थोडी घट्ट झालेली असते.

तिसरी जमीन जंगलातली, म्हणजे राखेपासून बनलेली काळी, भुसभुशीत माती. मृदाशास्त्रात तिला ‘अँडोसोल’ म्हणतात, आणि हे नाव ‘गडद माती’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरून आले आहे. कोरड्या दिवसांत ती पायांना गादीसारखी वाटते. पण तिच्यात पाणी धरून ठेवण्याची विलक्षण शक्ती असते, आणि ते पाणी वरून दिसत नाही. चिमूटभर ओलसर माती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळावी. सुरुवातीला ती मऊ पण घट्ट लागते, आणि चोळता चोळता एकाएकी तिच्यातील पाणी सुटून ती साबणासारखी बुळबुळीत होते. बुटाखाली नेमके हेच घडते. म्हणून शंभर धावपटूंच्या शर्यतीत पहिल्या दहांना घट्ट लागलेली वाट शेवटच्या दहांना निसरडी लागते, आणि त्यात कोणाचीच अतिशयोक्ती नसते.

चौथी जमीन म्हणजे फार जुना लाव्हा. दख्खनचे पठार घडवणारे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या काळात बसाल्टचा वरचा भाग कुजून मुरूम होतो आणि खाली कठीण कातळ तसाच राहतो. कातळावर पसरलेला मुरुमाचा पातळ थर हा छऱ्यांसारखा वागतो, आणि सावलीतल्या कातळावर शेवाळ धरलेले असेल तर बुटाचा तळ कितीही चांगला असला तरी त्याचे काही चालत नाही. इथे पाऊल सपाट आणि शरीराच्या अगदी खाली पडले पाहिजे. टाच पुढे फेकून पाऊल टाकणे म्हणजे घसरण्याला निमंत्रण देणे होय.

या सगळ्यावर झाडांची मुळे येतात. जपानमध्ये फूजी पर्वताच्या वायव्य पायथ्याशी असलेले आओकिगाहारा हे जंगल ८६४ साली वाहिलेल्या लाव्हावर वाढलेले आहे. इतका काळ लोटूनही तिथे मातीचा थर पातळ आहे, मुळांना खडकात शिरता येत नाही, म्हणून ती शेवाळलेल्या लाव्हावरून सापासारखी आडवीतिडवी पसरलेली दिसतात. तरुण लाव्हावरच्या कोणत्याही जंगलात थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. मुळावर पाय देऊ नये, ते ओलांडून पलीकडे टाकावा, आणि देणे भागच असेल तर काटकोनात द्यावा. वाटेला तिरपे गेलेले ओले मूळ हे सर्वांत दगाबाज. नजर पायाच्या बोटांवर न ठेवता दोन-तीन पावले पुढे ठेवावी, म्हणजे पायाला ठरवायला वेळ मिळतो.

प्रश्न : चढ मला जमतो, पण सुट्या खड्यांचा उतार उतरताना भीती वाटते आणि दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरता येत नाही. यावर उपाय काय?

उत्तर : दुखण्याचे कारण आधी पाहू. उतरताना मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू आखडलेले असतानाच ताणले जातात, कारण ते शरीराला खाली कोसळू न देता सावरत असतात. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिची वेदना लगेच न जाणवता साधारण एक ते तीन दिवसांत टोकाला पोहोचते. यातली दिलासा देणारी बाब अशी, की स्नायू हा धडा लवकर शिकतात. उतारावरचा एक मध्यम सरावसुद्धा पुढचे काही आठवडे त्याच स्नायूंना बऱ्याच अंशी संरक्षण देतो. म्हणून मोठ्या धावेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा तरी, जमेल तेवढ्याच वेगाने, लांब उतार उतरून घ्यावा. ऐन धावेच्या आठवड्यात मात्र हा प्रयोग करू नये.

आता भीतीविषयी. सुट्या खड्यांचा खोल थर खरे तर उतरण्यासाठी दयाळू असतो. पाऊल टाकले की ते थोडे घसरत जाऊन आपोआप थांबते आणि धक्का खडे पचवतात. शरीर मागे झुकवले की तोल जातो, म्हणून कंबर पायांच्या वर ठेवावी, गुडघे किंचित वाकलेले असावेत, टाच खड्यांत रुतू द्यावी आणि हात पंखांसारखे मोकळे सोडावेत. पुढच्या धावपटूच्या थेट मागे राहू नये, कारण त्याच्या पायाने सुटलेला दगड त्याच्याबरोबर खाली जातो आणि आपल्या पायाने सुटलेला त्याच्या पाठीवर.

खरा धोका खोल थरात नसून तो थर जिथे संपतो तिथे असतो. मी हे पडून शिकलो. अशाच एका काळ्या उतारावरून मी मजेत, मोठ्या ढांगा टाकत येत होतो. खाली खड्यांचा रंग किंचित फिकट झालेला मला दिसला होता, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. तो फिकट पट्टा म्हणजे कठीण लाव्हाची पायरी होती आणि तिच्यावर बोटभरच खडे पसरलेले होते. पुढचे पाऊल रुतले नाही, निसटले, आणि मी दोन्ही हातांवर आपटलो. तळहातात शिरलेले बारीक काळे कण त्या दिवशी नीट निघाले नाहीत. त्यांतले दोन ठिपके अजून कातडीखाली दिसतात. तेव्हापासून उताराचा रंग किंवा पोत बदलताना दिसला की मी ढांग निम्मी करतो. अशी जखम झाली तर ती त्याच दिवशी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कण काढून घ्यावेत, गरज पडल्यास डॉक्टरांकडून. वरवर मलम लावून भागत नाही.

प्रश्न : अशा वाटांसाठी बूट कोणते घ्यावेत?

उत्तर : कोणत्याही एका जोडीने सगळ्या जमिनी जिंकता येत नाहीत. ओल्या राखमातीसाठी तळाला खोल आणि दूर दूर असलेले खुंट हवेत, म्हणजे त्यांत चिखल अडकून बसत नाही. ओल्या कातळावर हेच उंच खुंट टेकण्याची जागा कमी करतात. तिथे मऊ, चिकट रबर उपयोगी पडते. मिश्र वाटेसाठी चार-पाच मिलिमीटरचे खुंट आणि मऊ रबर ही बऱ्यापैकी तडजोड आहे. धारदार खड्यांवर बुटाचा तळ झिजण्याआधी वरचे कापड फाटते, म्हणून बोटांभोवती जाड पट्टी असलेला बूट निवडावा. घोट्याभोवती बसणारे कापडी मोजे-आवरण जरूर वापरावे. ते नसेल तर दर अर्ध्या तासाला थांबून बूट झटकावा लागतो, आणि कंटाळा करून तसेच धावले तर तळव्याला फोड येतात.

बुटाहूनही मला घोट्याची काळजी अधिक महत्त्वाची वाटते. एका पायावर तोल सांभाळून उभे राहण्याचा रोजचा काही मिनिटांचा सराव घोटा मुरगळण्याचे प्रमाण कमी करतो, विशेषतः ज्यांचा घोटा आधी एकदा मुरगळलेला आहे त्यांच्यात. दात घासताना डोळे उघडे ठेवून सुरुवात करावी, ते जमले की डोळे मिटून.

प्रश्न : मी ज्या पर्वतावर धावणार आहे तो अनेक वर्षे शांत आहे, पण घरच्या मंडळींना काळजी वाटते. ज्वालामुखी शांत आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, आणि दाट झाडी ही शांततेची खूण मुळीच नाही. माणसाच्या आठवणीत शांत असणे वेगळे आणि ज्वालामुखीच्या आयुष्यात शांत असणे वेगळे. जपानमध्ये गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत उद्रेक झालेला ज्वालामुखी सक्रिय मानला जातो. फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात सुमारे ऐंशी लहान ज्वालामुखींची रांग आहे, २०१८ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथल्या हिरव्या शंकूंवर आज निर्धास्तपणे फिरता येते. उलट कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा इथल्या पाइनच्या जंगलातून जाणारी ज्वालामुखींची वाट चालणाऱ्या-धावणाऱ्यांची लाडकी असतानाच १९ सप्टेंबर २०२१ रोजी त्याच डोंगररांगेच्या बाजूला उद्रेक सुरू झाला आणि तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालला. म्हणून त्या प्रदेशातील ज्वालामुखी निरीक्षण संस्थेने दिलेली इशारापातळी पाहणे हे पहिले काम. ती निघण्याच्या दिवशी सकाळी पाहावी, आठवड्यापूर्वी पाहिलेली धरून चालू नये.

तरीही इशारापातळी म्हणजे हमी नव्हे, हे ओंताके पर्वताने फार मोठी किंमत घेऊन शिकवले आहे. जपानमधील ३,०६७ मीटर उंचीच्या या पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या थोडे आधी, शरदातले रंग पाहायला आलेली गर्दी माथ्याजवळ असताना उद्रेक झाला. इशारा सर्वांत खालच्या पातळीचा होता. तो लाव्हाचा उद्रेक नव्हता. तापलेल्या पाण्याची वाफ होऊन झालेला तो स्फोट होता, आणि अशा स्फोटाची पूर्वसूचना फारच थोडी मिळते. त्रेसष्ट माणसे मृत किंवा बेपत्ता झाली, त्यांतील अनेक उडालेल्या दगडांच्या माऱ्याने. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. यातून धावणाऱ्याने घ्यायचे ते एवढेच, की सक्रिय विवराच्या काठावर विश्रांतीला बसू नये, तिथे डबा उघडू नये, पाहावे आणि निघावे. आणि आडोसा कुठे आहे हे चढतानाच हेरून ठेवावे.

वायूंविषयी फार कमी लोक विचारतात, म्हणून न विचारताही लिहितो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि वारा पडलेला असताना तो खोलगट जागी साचतो. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटन या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, हॉर्सशू सरोवराच्या काठी, १९९० च्या सुमारास उभी झाडे वाळू लागली. दुष्काळ किंवा कीड हे त्याचे कारण नव्हते. जमिनीतून वर येणाऱ्या या वायूने मुळे गुदमरली होती. जंगलात एका ठिकाणची झाडे उभ्याउभ्या मेलेली दिसली आणि आजूबाजूचे जंगल हिरवेगार असले, तर त्या जागेतल्या खळग्यात बुटाची नाडी बांधायलाही वाकू नये. वाऱ्याच्या उघड्या जागी येऊन मग बांधावी. गंधकाच्या वायूचे वेगळे आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असे समजू नये. दम्याचा त्रास असलेल्यांनी सल्फर डायऑक्साइडच्या टापूत धावण्याचा हट्ट धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : भरपूर पावसाच्या जंगलातून धावूनही वाटेत एकही ओढा लागला नाही आणि पाणी संपले. हे कसे?

उत्तर : तरुण लाव्हा आणि खड्यांचे थर इतके सच्छिद्र असतात, की पडलेला पाऊस पृष्ठभागावरून वाहण्याऐवजी सरळ आत मुरतो आणि पुष्कळ खाली, बहुधा पायथ्याशी, झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. फूजीच्या पायथ्याचे स्वच्छ झरे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. म्हणून नकाशावर वरच्या भागात ओढ्याची निळी रेषा नसेल, तर जंगल कितीही हिरवे असो, पाणी मिळणार नाही असेच धरून चालावे आणि संपूर्ण अंतराचे पाणी पाठीवर न्यावे. वर काळा लाव्हा ऊन शोषून तापतो, तेव्हा तहान झाडीतल्यापेक्षा बरीच वाढते. तहान लागेल तसे प्यावे. भीतीपोटी सारखे पीत राहणेही अपायकारक असते, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : धुक्यात वाट चुकलो आणि होकायंत्राने भलतीच दिशा दाखवली. यंत्र बिघडले असेल का?

उत्तर : यंत्र चांगले असण्याचीच शक्यता अधिक. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि काही खडकांजवळ, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यांवर, सुई ढळते. खडकापासून काही पावले दूर जाऊन, होकायंत्र जमिनीवर न ठेवता हातात धरून, दोन-तीन ठिकाणी दिशा पाहावी आणि त्या जुळल्या तरच विश्वास ठेवावा. धुक्यात कपाळावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. तो काढून कमरेपाशी हातात धरला, तर वाट दिसू लागते.

प्रश्न : एका जंगलवाटेच्या तोंडाशी बूट घासण्याचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेले होते. माझे बूट स्वच्छ दिसत होते, म्हणून मी तसाच पुढे गेलो. चूक झाली का?

उत्तर : आपण मोकळेपणाने विचारले याचा मला आनंद आहे, आणि उत्तरही मोकळेपणाने देतो : होय, चूक झाली. हवाई बेटांवर ताज्या लाव्हावर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे ‘ओहिया’. उजाड काळ्या खडकाच्या भेगेतून ते वर येते, आणि पुढचे सारे जंगल त्याच्या आधाराने उभे राहते. गेल्या काही वर्षांत एका बुरशीजन्य रोगाने ही झाडे मोठ्या संख्येने मरत आहेत. बुरशी सालीवरील जखमेतून आत शिरते, म्हणून तिथे झाडाला हिसका देऊन वळण घेणे किंवा काठीने मुळे खरचटणे हेसुद्धा निरुपद्रवी नाही. तिथल्या जंगलात जाण्याआधी आणि आल्यानंतर बुटांचा तळ घासून सत्तर टक्के अल्कोहोल फवारावे अशी सूचना दिली जाते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांत, जे एका प्राचीन ज्वालामुखीचे अवशेष आहेत, ‘कौरी’ या महावृक्षाच्या मुळांना मातीतून पसरणारा रोग लागला आहे. तो रोखण्यासाठी २०१८ मध्ये तिथल्या बहुतेक जंगलवाटा बंद कराव्या लागल्या. टाचणीच्या टोकाएवढी मातीसुद्धा तो रोग नेऊ शकते, असे तिथे सांगितले जाते. बूट स्वच्छ ‘दिसणे’ म्हणूनच पुरेसे नाही.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवावा. आधी कोरड्या ब्रशने खुंटांच्या बेचक्यांतली सारी माती काढावी, कारण मातीच्या थराआड जंतुनाशक पोहोचत नाही. मग तळ आणि कडा भिजतील इतके जंतुनाशक लावावे. काठ्या वापरत असाल तर त्यांची टोके, आणि घोट्यावरच्या कापडी आवरणाची खालची कड यांनाही तेच करावे. परत निघताना हे सगळे पुन्हा एकदा, गाडीत बसण्यापूर्वी.